मुराळ्याची पिकअप: धुळे, दोंडाईचा आणि परत सावदा

बहिणीला माहेरी आणायला कुणी पिकअप विकत घेतं का? मी घेतली होती. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, धुळ्यात, आणि तीसुद्धा अशी की पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या बॉनेटवर एक शेळी बसून रवंथ करत होती. परवा एका वाचकाने विचारलं की दोंडाईच्याहून शिरपूर-चोपड्यावरून सावद्याला गाडीने येण्यासारखा रस्ता आहे का. आजचं उत्तर एका ओळीचं आहे: आहे, पण उन्हाळ्यात पहाटे निघा. मी तो रस्ता पहिल्यांदा कसा पाहिला, हे सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला अखजी म्हणतात आणि दिवाळीपेक्षा तिचं कौतुक जास्त. अखजीला लेकी माहेरी येतात. भाऊ मुराळी होऊन जातो, म्हणजे बहिणीला सासरहून घेऊन येतो. झाडांना झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात. एकाच घरात एकीकडे झोका आणि दुसरीकडे घागर, असा हा सण आहे.

आमचे वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. आई गेली ती एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर. माझी धाकटी बहीण सुमन दोंडाईच्याला दिलेली. आई गेली तेव्हा तिचं दुसरं बाळंतपण नुकतंच झालं होतं, आणि ओल्या बाळंतिणीला एवढ्या लांब हलवू नये म्हणून तिला कुणी आणलं नाही. तिने आईला शेवटचं पाहिलं नाही. मी सावद्याला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होतो, लग्न व्हायचं होतं. संध्याकाळी कुलूप काढताना सवयीने "आलो गं" म्हणायचो आणि मग तसाच उंबऱ्यावर उभा राहायचो. घरात एकट्याने राहणं काय असतं, ते ज्याने राहून पाहिलंय त्यालाच सांगावं.

आईनंतरच्या पहिल्या अखजीला मी सुमनला आणायला गेलो. तिच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे. अक्कांनी मला जेवू घातलं, टरबूज कापलं आणि म्हणाल्या, "भाऊ, लेकरं धाकला शेतस. अखजीनी गर्दीमा पॅसेंजरमा पाय ठेवाले जागा नही. औंदा राहू दे." लेकरं लहान, गाडीला गर्दी, यंदा राहू दे, हे मला पटलं. भुसावळ-सुरत लाइनची पॅसेंजर अखजीच्या आठवड्यात काय होते ते मी नुकतंच भोगलं होतं. मी तसाच परत आलो. पण मी सरळ डोक्याचा माणूस. कुणी अडचण सांगितली की मी तिच्यावर उपाय शोधायला लागतो. पॅसेंजरला गर्दी आहे ना, मग पॅसेंजर नकोच.

वर्षभर पैसे साठवले. केळी भरायला आलेल्या एका ड्रायव्हरकडून कळलं की धुळ्याच्या एका कापूसवाल्या शेठजींच्या गोदामामागे जीपच्या जातीची जुनी पिकअप पडून आहे. चैत्र लागल्यावर मालकाकडून रजा घेतली आणि जळगावहून धुळ्याची एसटी धरली. विचारणाऱ्याला सांगत होतो की केळी वाहायला गाडी घेतोय. ते खोटं नव्हतं, पण खरंही तेवढं नव्हतं. एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचली तेव्हा शर्ट पाठीला चिकटून वाळला होता. पारोळ्याच्या स्टँडवर भजी बरी मिळाली, पाणी मात्र कोमट होतं.

शेठजींचं घराणं मारवाडातलं, तीन पिढ्या धुळ्यात. त्यांनी गोदामाचं मागचं दार उघडलं, शेळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "गाडी तुमची," ते म्हणाले, "बकरी शेजाऱ्याची आहे, ती तेवढी राहू द्या." भावात त्यांनी फार ताणलं नाही. जागा मोकळी होतेय याचाच त्यांना आनंद असावा. चारही टायर बसलेले, मागच्या हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, सीटमध्ये उंदरांचा संसार, बॅटरीच्या जागी एक वीट. चार हमालांनी ढकलत ती आग्रा रोडवर इस्माईल मिस्त्रींच्या गॅरेजपर्यंत नेली. वाटेत लोक बाजूला होऊन बघत होते आणि मी उगाच स्टिअरिंग धरून ऐटीत बसलो होतो.

इस्माईल मिस्त्री गोड बोलणारा माणूस. "उद्या देतो," असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि मग रोज सांगितलं. जुनी गाडी दुरुस्त करायचा विचार असेल तर माझा अनुभव ऐका: मिस्त्रीच्या डोक्यावर बसून राहा. मी बसलो, आणि नुसतं बसवेना म्हणून हाताशी लागलो. कार्बोरेटर उघडला तर आत वाळलेला गाळ. ब्रेकचे रबर चुरा झालेले. इंजिन खोललं तेव्हा मात्र मिस्त्रींचा चेहरा खुलला, आतून ते चांगलं होतं. टायर जुन्या बाजारातून आणले, बॅटरीही वापरलेलीच घेतली. हौद्याला बाभळीच्या फळ्या ठोकल्या, वर बांबूच्या कमानी बांधून ताडपत्री टाकली. शेवटी एका पिंजाऱ्याकडून ड्रायव्हरशेजारच्या सीटची गादी नव्या कापसाने भरून घेतली.

गादी पाहून मिस्त्री हसले. "केळ्यांना गादी कशाला लागते हो, भाऊ?"

तेव्हा मी त्यांना खरं सांगितलं. बहीण आहे, दोन लेकरं आहेत, ऊन आहे, माहेरी न्यायचंय. दुसऱ्या दिवशी गाडी खरोखर तयार होती.

दिवसभर हात तेलात असायचे तोवर बरं वाटायचं. संध्याकाळी पांझरेच्या काठाने हिंडायचो. नदीत पाणी थोडंच, पण वारा यायचा. घराघरांतून माणसं गच्चीवर, ओट्यावर बसलेली, कुणाकुणाला हाका मारणारी. धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे चुकायची सोय नाही. मी मुद्दाम चुकायला बघायचो, म्हणजे कुणाला तरी रस्ता विचारता येईल. खानावळीत शेवेची भाजी आणि भाकरी खाऊन धर्मशाळेत पडायचो आणि मनातल्या मनात सुमनला गाडीत बसवायचो. ती काय म्हणेल, लेकरं हौद्यात कशी नाचतील, सावद्याच्या वेशीवर पोचल्यावर हॉर्न कितीदा वाजवायचा, हे सगळं ठरलं होतं.

अखजी दोन दिवसांवर असताना पहाटे धुळं सोडलं. हँडल मारलं, गाडी खोकली आणि चालू झाली. आग्रा रोडने सोनगीरपर्यंत रस्ता झकास. तिथून डावीकडे चिमठाण्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं आणि मधूनच एखादं निंबाचं झाड. ऊन चढलं तसा रेडिएटर गळायला लागला. चिमठाण्याच्या दुकानात मूठभर हळद मागितली. दुकानदार म्हणाला, "लगीन शे का घरमा?" मी म्हटलं, गाडीला हवीय. रेडिएटरच्या पाण्यात हळद घातली की बारीक भोकं बुजतात, हा त्या काळचा उपाय. वर ओलं गोणपाट टाकलं, बंपरला छागल, म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी, टांगली आणि हळूहळू दोंडाईचा गाठलं. स्टेशनाच्या अलीकडेच मिरचीच्या वखारींचा वास नाकात शिरला आणि मी शिंकत शिंकत बहिणीच्या दारात पोचलो.

हॉर्न ऐकून आधी लेकरं धावली, मागून सगळी आळी. अक्का बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, ताडपत्री चाचपली. मी म्हटलं, "अक्का, आता पॅसेंजरची भानगड नाही. दारातून दारात."

अक्कांनी पदराने घाम पुसला. "लई जाय ना भाऊ तुनी बहीणले. मी कोठे नही म्हणस? तिलेच इचार."

सुमन दारात उभी होती. तिने माझ्यासाठी पाणी आणलं, मी प्यालो, तांब्या तिने परत घेतला. मग म्हणाली, "भाऊ, आधी मले एक चक्कर मार तुह्या गाडीत."

लेकरांना अक्कांपाशी ठेवून ती शेजारी बसली. गादीवर हात फिरवून म्हणाली, "नवी भरली का रे?" मी म्हटलं, तुझ्यासाठी. रेल्वेफाटक ओलांडून आम्ही गावाबाहेर आलो. गाडीत बसलेल्या दोन माणसांना समोर बघत बोलता येतं, एकमेकांकडे बघावं लागत नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "मागल्या वर्षी अक्कानं पॅसेंजरचं सांगितलं ना, ते मीच तिले सांगाले लावलं होतं."

मी गरज नसताना गियर बदलला.

"मले नाही यायचं तठी, सावद्याले. आईच्या जागी घागर नाही पाहायची मले. मी इथं आहे तोवर मले वाटते, आई तठी चुलीपाशी बसेल आहे. मी तिले मेलेली पाहेल नाही ना भाऊ. एकदा घरात पाय ठेवला का संपलं."

मला राग आला. एवढा खर्च, एवढी खटपट, रोज हातांना रॉकेल चोळून तेल काढलं ते कशासाठी? पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "आणि मी? मी तर रोज तिथंच असतो, सुमन."

तिने पुन्हा गादीवर हात फिरवला. मग म्हणाली, "हाव. तू तठी दिवा लावतो, म्हणून तर मले वाटू शकते. तूही घर सोडलं असतं तर मी काय केलं असतं?"

गाडी एका निंबाखाली उभी केली. ती रडली, मीही रडलो. दोघांनीही ते लपवलं नाही. परत येताना तिने हॉर्न वाजवू दे म्हटलं आणि फाटकापासून घरापर्यंत वाजवत आली. मग तिच्या लेकरांना हौद्यात घालून मी आळीला तीन चकरा मारल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अक्का आणि सुमनने खापरावर पोळ्या केल्या. निघताना सुमनने फडक्यात बांधून दिल्या. त्यात एक वेगळी पुरचुंडी होती. "ही आईले दे," ती म्हणाली. "दुधात कुस्करून दे, तिले चावत नाही." मी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. "देतो," मी म्हणालो.

शिरपूरला तापीचा पूल ओलांडला आणि चोपड्याच्या रस्त्याला लागलो. या रस्त्याने जाणार असाल तर डाव्या हाताला सातपुडा दिवसभर सोबत करतो. यावलच्या पुढे केळीच्या बागा सुरू झाल्या की हवा अचानक गार होते. मला त्या दिवशी ती गार हवा आवडली नाही. शेजारची गादी रिकामी होती आणि खड्ड्यात गाडी आदळली की उगाच उडत होती. फैजपूरला चहा प्यालो. चहावाल्याने विचारलं, "मुराळी का?" मी म्हटलं, नाही, केळीची गाडी आहे.

सावद्याला घर उघडलं, झाडलं. अखजीच्या सकाळी आईच्या नावाची घागर भरली, वर आंबा ठेवला, निखाऱ्यावर तूप आणि घास टाकला. शेजारच्या काकूंनी नैवेद्य आणून दिला होता. बाहेर पोरी झोक्यावर गात होत्या. सगळं आटोपल्यावर मी सुमनची पुरचुंडी सोडली, आईच्या वाटीत दूध घेतलं, पोळी कुस्करली आणि वाटी चुलीपाशी ठेवली. आपण हे काय करतोय, असं वाटलं, तरी ठेवली. बऱ्याच वेळाने ती मीच खाल्ली.

पिकअपने पुढे बरीच वर्षं केळी वाहिली. वखारीपासून रावेर स्टेशनापर्यंत तिच्या किती खेपा झाल्या त्याची गणती नाही. माझं लग्न झालं, घरात माणसं आली, शेवटी गाडी भंगारात गेली. केळीच्या धंद्यात ती पैसे वसूल करून गेली, त्यामुळे तिला कुणी वेडेपणा म्हटलं नाही. सुमन सावद्याला कधीच आली नाही. दर अखजीच्या आधी मीच जायचो, तिला गाडीतून एक चक्कर मारून आणायचो आणि पोळ्या घेऊन परत यायचो. जुनी गाडी घेऊ की नको, असं लोक मला विचारतात तेव्हा मी इंजिनाचं आणि फळ्यांचं सांगतो. कुणाला त्यातून आणायचं ठरवून घेत असाल, तर त्या माणसाला आधी विचारा, एवढंही सांगतो.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा गाडीत बसल्या बसल्या सुमनने विचारलं, "मागल्या खेपेच्या पोळ्या आईनं खाल्ल्या का रे?"

"खाल्ल्या," मी म्हणालो. "पण गूळ जरा कमी होता म्हणाली."