आमच्या पुरवणीतला औषधाचा घोडा

वर्तमानपत्राच्या ऑफिसात किस्से बेवारस हेल्मेटसारखे साठतात. कोणाचे, कधीचे, आठवत नाही, टाकवतही नाहीत. न्यूमोनियावरच्या माझ्या एका लेखाने तर आमच्या नाशिकच्या ऑफिसात असा ढीगच लावला!

पेनिसिलिन नव्हतं तेव्हा डॉक्टर न्यूमोनियाचे जंतू घोड्याला टोचत. घोड्याचं रक्त त्या जंतूंशी लढायला शिकायचं. मग रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी, म्हणजे सीरम, रोग्याला द्यायचं. एवढा थरारक इतिहास मी रविवारच्या पुरवणीसाठी लिहिला, तर संपादक कुलकर्णी म्हणतात, "आता औषधं आहेत. हे वाचणार कोण?"

मी भडकलोच. "साहेब, गड जिंकला म्हणून लढाई सांगायचीच नाही?"

"बरं, अर्धं पान. पण जाहिरात आली तर कात्री!"

"एक ओळ कापू देणार नाही!"

*

न्यूमोनियाच्या जंतूंचे प्रकार अनेक, आणि प्रत्येकाला वेगळं सीरम. प्रकार ओळखायला रोग्याचा कफ उंदराला टोचून तो आजारी पडेपर्यंत वाट बघावी लागे.

डेस्कवरच्या मंजूषाताईंनी हे वाचून मान हलवली. "म्हणजे आधी उंदीर आडवा, मग माणूस उभा. आपल्यासारखंच की! आम्ही आडवे झालो की अंक उभा राहतो."

*

फोटोग्राफर सलीमभाईंना घोड्याचा फोटो आणायला सांगितलं. त्यांनी आणला. डोक्यावर तुरा, अंगावर जरीची झूल, मागे बँडवाले!

"सलीमभाई, हा वरातीचा घोडा आहे!"

"बॉस, रोज एकेकाला सीरियस कंडिशनमध्ये पोहोचवतो. मेडिकल लाइनचाच झाला ना!"

*

आमचे चहावाले रघुनाथदादा पूर्वी टांगा हाकायचे. मी त्यांना सांगितलं, सीरम देण्याआधी डॉक्टर विचारायचे, घोड्याजवळ गेल्यावर दम लागतो का? लागत असेल, म्हणजे घोड्याची ॲलर्जी असेल, तर सीरम जिवावर बेतायचं.

"मला नाय कधी लागला," दादा म्हणाले. "माझ्या घोड्याला लागायचा. त्याला कुणाचं सीरम दिलं असतं?"

*

शनिवारी संध्याकाळी द्राक्षांवरच्या फवारणीची जाहिरात आलीच. संपादकांची कात्री नेहमीच्या रीतीने चालली, लेख खालून कापायचा! शेवटचा परिच्छेद गेला. सल्फाच्या गोळ्या आल्या, मग पेनिसिलिन आलं आणि घोड्याच्या सीरमचे दिवस संपले, हे नेमकं त्यातच होतं.

"साहेब, तो परिच्छेद नसेल तर लोकांना वाटेल हे अजून चालतं!" मी ओरडलो.

"एवढं तळापर्यंत वाचतं कोण?"

सोमवारी सकाळी गेटवर ही गर्दी! वणीहून एक फेटेवाले काका पिकअपमधून पांढराशुभ्र घोडा घेऊन आले होते. हातात आमची पुरवणी. संपादक धावतच खाली गेले.

"सायेब, सगळा लेख वाचला," काका म्हणाले. "ह्यो आमचा राजा. रक्त द्यायला आणलाय."



काकांनी घोड्याच्या पाठीवर थाप मारली. "चहा-बिस्किट नको त्याला, खाऊन आलाय. सर्टिफिकेट तेवढं त्याच्या नावानं काढा!"