सखूबाईच्या डोहातले शिंपले

सखूबाईचा विश्वास होता तो फक्त स्वतःच्या हातावर. दूधवाल्याच्या दुधात पाणी, दुकानदाराच्या काट्यात खोट, आणि दवाखान्यातल्या गोळ्यांत काय असेल ते देवालाच ठाऊक. ओतूरच्या बाजारात ती वांगं आधी मोडून बघायची आणि मग भाव विचारायची. भाजीवाल्या तिला लांबून बघूनच टोपलीवर फडकं टाकत.

तिची सून स्नेहल पाच महिन्यांची पोटुशी होती. पहिलं बाळ चौथ्या महिन्यात गेलेलं, म्हणून या खेपेला सखूबाईने घरावर पहाराच बसवला. शेजारच्या लंकाबाईने मायेनं लाडू आणले, तर ते हिने आधी कोंबड्यांना घातले. कोंबड्या टुणटुणीत राहिल्या, तरी लाडू सुनेपर्यंत पोचले नाहीत.

पण तिचा सगळ्यात मोठा राग होता तो नदीच्या वरच्या अंगाला उभ्या राहिलेल्या शेडवर. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत, आणि दार सदा बंद. सरळ काम असतं तर कुलूप कशाला, असं ती येईल त्याला विचारायची. पुढे नदीतले मासे पांढरी पोटं करून वर आले. गाव हळहळलं, आणि सखूबाई मात्र ‘बघा, मी म्हणत नव्हते?’ अशा तोऱ्यात फिरली. खरं सांगायचं तर तिचं चुकलंही नव्हतं. त्या दिवसापासून नदीचं पाणी तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. धुणंसुद्धा बोअरवर.

मग त्याच नदीच्या डोहातले शिंपले कसे चालले? इथेच तर तिच्या हुशारीने घात केला. बाई मूळची डोंगरातली. पोटुशीला शिंपल्यांचा रस्सा द्यावा, बाळाची हाडं भरतात, ही तिच्या आईची रीत. शिंपला पारखायचीही रीत ठरलेली: टिचकी मारल्यावर घट्ट मिटला तर जिवंत, आणि जिवंत तो खायला चांगला. मासे मेले तरी डोहातल्या गाळात शिंपले मजेत होते, चांगले भरलेले. एवढ्या विषात जे टिकलं ते पोराला किती बळ देईल, असा तिने हिशेब केला आणि सुनेला रस्सा द्यायला सुरुवात केली. तरीही संशय नको म्हणून शिंपले दोन दिवस बोअरच्या पाण्यात ठेवायची, वर मूठभर पीठ टाकायची. ते गाळ ओकत, ही पाणी बदले. पाणी नितळ राहायला लागलं की मगच पातेलं चुलीवर चढे.

स्नेहलला त्या वासाने मळमळायचं. त्यावरून सासूच्या डोक्यात नवंच शिरलं, की पोरगी आपला डोळा चुकवून रस्सा परसात ओतते. तोंडावर बोलूनही दाखवलं. सखूबाईने एकदोनदा परसातली माती उचलून हुंगलीसुद्धा.

पुढे स्नेहलचं पोट दुखायला लागलं, चेहरा फिका पडला, रक्त काही केल्या वाढेना. शेडची गोष्ट कानावर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. त्यात शिसं निघालं. सखूबाईने गोळ्यांना दोष दिला, वाऱ्याला दिला, लंकाबाईच्या न खाल्लेल्या लाडवांनाही दिला. स्नेहलची मावसबहीण आरती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिने बोअरचं पाणी, घरचं पीठ आणि घमेल्यातले चार शिंपले तपासायला नेले. शिंपले नेल्याचा सखूबाईला अपमान वाटला.

बोअरचं पाणी चांगलं निघालं. पीठही चांगलं. शिंपल्यांच्या मांसात मात्र शिसं खच्चून भरलेलं होतं.

आरतीने ओट्यावर बसून समजावलं. शिंपला दिवसभर पाणी गाळून त्यातलं अन्न खातो. त्याबरोबर शिसं आत आलं की त्याच्या अंगातली प्रथिनं ते पकडून ठेवतात, काही बारीक कणांत कोंडलं जातं, म्हणजे त्याच्या जिवाला धक्का लागत नाही. असं महिनोन्‌महिने साठत जातं. साठवण त्याची, आणि भोग खाणाऱ्याच्या वाट्याला.

“पण मी गाळ काढती की,” सखूबाई म्हणाली. “दोन-दोन दिस.”

“गाळ ओकतो तो, मावशी. हे दोन दिवसांत सुटत नाही. बांधून ठेवतो म्हणून तर जगतो.”

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, खाणं बंद करा, बाळाचं आत्ताच काही बोलता येणार नाही. सखूबाईला ते आठवलं. ती उठून आत गेली. स्नेहल खाटेवर कुशीला वळून पडली होती. सखूबाईला आपला एक तरी संशय खरा ठरावा असं मनापासून वाटत होतं.

“खरं सांग,” ती हळूच म्हणाली. “मी रागवत न्हाई. रस्सा तू टाकून देत व्हतीस ना?”

स्नेहलने मान हलवली. “न्हाई आत्या. एकदाबी न्हाई. तुमी कमरंएवढ्या पाण्यात उतरून आणायच्या. कसा टाकू?”

सखूबाई खाटेच्या कडेला बसली. पोरीचं बोलणं खोटं धरायला तिला कुठेच जागा सापडेना.