मुलाला विचारायचा प्रश्न

मांडवीच्या मासेवाल्या बाईंना मी एकदा ऐटीत बातमी वाचून दाखवली की, आता मोबाइलवर कुणाचाही हुबेहूब आवाज काढून लोकांना फसवतात. तेव्हापासून दुबईहून मुलाचा फोन आला की त्या ओला हात पदराला पुसतात आणि आधी दरडावतात, "लहानपणी कसला काटा घशात अडकलेला, सांग."

"पेडव्याचा, आई." मगच पुढचं बोलणं.

मी हसलो. बांगडे पिशवीत टाकत त्या म्हणाल्या, "हसताय काय भाऊ? तुम्ही पण पोराला विचारत जा. दुसऱ्या कोणाला म्हायती नसेल असं कायतरी."

घरी पोचेपर्यंत मी असा एक प्रश्न शोधत होतो. आठवले ते फक्त मुलाचे दहावीचे मार्क, आणि ते तर मीच गावभर सांगितले होते.