माधवच्या सॅकचं वजन

शकुन, अंगात येणं, भुतंखेतं... यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितोय, कारण पाच वर्षं एका बाईवर खोटा आळ आहे आणि तो मी येऊ दिला.

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात मी आणि धाकटा भाऊ माधव समोरासमोरच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मी विधुर, जेवण त्यांच्याकडेच. त्याच्या साठीनिमित्त उत्तराखंडचा ट्रेक ठरला – तो, त्याची बायको सुमन, मुलगी आणि मी. वाट अस्वलांच्या जंगलातून. गाइडने फोनवर बजावलं होतं – चालताना आवाज करत राहा, आणि पाठीवर सात किलोंच्या वर नको. महिनाभर आम्ही सॅक घेऊन जीवदानीच्या पायऱ्या चढलो.

निघायच्या आदल्या दुपारी मी सॅक तोलत होतो. काटा वाडीतली भाजी तोलायचा, टांगता. बाकी तिन्ही सॅक साडेसहाच्या आत. माधवची – अकरा! स्वेटर काढला, डबा काढला... अकराच.

"काटा नाय दादा, तू म्हातारा झालास," म्हणत माधव औषधं आणायला खाली गेला.

वाटेत आवाज होत राहावा म्हणून सुमनने त्याच्या सॅकला मूठभर घुंगरं बांधली होती, आमच्या शेवटच्या बैलजोडीची. तो खुळखुळाट मला आधीच नकोसा झाला होता. चिडून ती सोडली. काढलेलं सगळं परत भरलं, तोललं – साडेसहा! नुसती घुंगरं टांगली, तर काटा जेमतेम हलला. मला भीती वाटली नाही. कटकट गेली म्हणून बरंच वाटलं. घुंगरं ड्रॉवरमध्ये टाकली.

पहिल्या कॅम्पवर माधवच्या लक्षात आलं. "सुमन, घुंगरं कुठायत?"

"बांधली होती की मी!"

"हां, सपनात बांधलीस."

सगळे हसले. मी शेजारीच चहा पीत होतो. धाकट्यासमोर चूक कबूल करायची लाज वाटली...

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. माधव बुटाची नाडी बांधायला थांबला, आम्ही वळणापलीकडे गेलो. अस्वलाने त्याला तिथेच गाठलं. खाली आणेपर्यंत तो गेला.

तेराव्याला आमच्या बहिणींनी घुंगरांवरून सुमनला नाही नाही ते ऐकवलं. तीही म्हणू लागली, "मीच इसरले असेन."

गेल्या रविवारी हे तिला वाचून दाखवलं.

"काट्याचं काय असेल, दादा?"

"माहीत नाही. नंतर दहादा तपासला. बरोबर आहे."

"आणि पाच वर्षं माझ्या हातचं जेवताय, त्याचं?"