खिडकीतली काठी

काकीचं आणि माझं बोलणं बंद होतं. कारण सांगायलाही लाज वाटते. माझ्या कोंबड्यांनी तिच्या वाफ्यातली मिरचीची रोपं उकरली, ती काहीतरी बोलली, मी त्याच्या दुप्पट बोलले. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला, माझा नवराही तिकडेच. इथे आम्ही बायका आणि म्हातारी माणसं. भांडायलाही मोजकीच माणसं, पण मी काही कसर ठेवली नाही.

त्यातच भाजावळीचे दिवस आले. भाताच्या रोपांचा तरवा पेरायची जागा पावसाआधी भाजून घ्यायची असते. पालापाचोळा, शेण, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवायचं. काडी मात्र एकट्याने लावायची नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. शेजारच्याला हाक मारायची. तो आग झोडपायला हिरवा टाळ, म्हणजे पानांच्या फांद्या, घेऊन बांधावर उभा राहतो, आणि उजाडता उजाडता लावून ऊन चढायच्या आत विझवून मोकळं व्हायचं, कारण दहाच्या पुढे समुद्रावरचा वारा सुटतो. माझी शेजारीण म्हणजे काकी. तिला हाक मारायची? छे! एकटीने सगळं रचता रचता दहा वाजले, तरी मी काडी लावलीच.

तेवढ्यात वरून ठकठक ऐकू आली. काकीचं घर माझ्या शेताच्या वर, कातळाच्या सड्याच्या कडेला आहे. तिथे खिडकीशी काका बसलेले असतात. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. कुणाला बोलवायचं झालं की ते डाव्या हाताने काठी गजांवर वाजवतात. त्या दिवशी काठी थांबेचना. धूर लागला असेल, लागू दे, असं पुटपुटत मी पाठ फिरवली.

शेत छान भाजून निघालं. शेवटचा कोपरा धुमसत होता आणि वारा उलटला. मला आधी पदर उडाला एवढंच कळलं. मग बांधावरचं गवत पेटलं, आणि मी टाळ तोडून आणेपर्यंत आग बांध ओलांडून चढणीला लागली होती. छातीएवढं वाळलेलं गवत. वणवा मी दुरून कितीदा पाहिला होता, पण त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा. क्षणभर मी भीतीसुद्धा विसरले आणि नुसती बघत राहिले. एवढं मोठं काहीतरी माझ्या एका काडीतून उठलं होतं आणि ते सरळ काकांच्या खिडकीकडे चाललं होतं.

मी जीव खाऊन कुकारे घातले. वरच्या काजूंत बिया वेचणारी काकी पहिली धावली. मी दगडी गडग्याकडेच्या पाणंदीतून धापा टाकत तिच्या घरी पोचले, तेव्हा तिने काकांना खुर्चीवर बसवलं होतं. मी रस्त्याकडे पळायचं म्हणत होते.

"रस्ता लांब हाय," ती म्हणाली. "तुझ्या शेतात चल. जळलंय ना ते? थय आता काय जळायचं ऱ्हायलंय?"

आगीपासून पळायचं ते आगीच्याच मागे, हे मला सुचलं नसतं. ओली गोणपाटं अंगावर घेऊन आम्ही दोघींनी खुर्ची उचलली, पाणंदीतून खाली आणली आणि माझ्या काळ्या, कोमट शेताच्या मधोमध ठेवली. तोवर वाडीतल्या बायका टाळ घेऊन आल्या होत्या. एकीने बंबाला फोन लावला. निघतो म्हणाले, पण वर गाडी जायला वाटच नव्हती. काकी म्हणाली, घराखालच्या पायवाटेवरून उलटी आग लावूया, म्हणजे वणवा येईल तेव्हा त्याला खायला गवतच उरणार नाही. बायका पायवाटेवर ओळीने उभ्या राहिल्या. मी काकांजवळ थांबले.

काकी चूड पेटवून तयार होती, पण लावत नव्हती. खाली बघत होती. कुणाकडे, ते मला कळेना. मग माझं लक्ष काकांकडे गेलं. वाकून त्यांनी डाव्या मुठीत राख उचलली होती आणि हात उंच धरून ती चिमटीचिमटीने सोडत होते. राख वर, घराकडे उडत होती. पुन्हा मूठ, पुन्हा तेच. वारा आधी खालच्या शेतात पडतो, मग वर पडतो, आणि तो पडायच्या आत उलटी आग लावली तर ती घरावरच जाणार. वाडीची भाजावळ वर्षानुवर्षं ह्याच माणसाने लावली होती. आणि मी समजत होते की मी त्यांना वाचवायला आणलंय!

एका वेळी राख सरळ त्यांच्या मांडीवर पडली. काकांनी हात खाली केला. वर काकीने चूड टेकवली. तिची आग उतरणीने निघाली, वणव्याकडे ओढली गेल्यासारखी, आणि मध्यावर दोन्ही एकमेकींना भिडल्या. ज्वाळा माडाएवढ्या उठल्या आणि बघता बघता बसल्या. देवळातही मी कधी एवढ्या मनापासून हात जोडले नसतील. उरलेल्या कडा बायकांनी टाळांनी झोडपल्या, आणि मग आंब्यावर फवारायचा पंप गाडीत घालून मोहल्ल्यातले बागवाले चाचा आले. त्यांनी गाडी खाली ठेवून लांबलचक नळी वर ओढली आणि धुमसतं सगळं भिजवलं. घराचं एक कौलसुद्धा तडकलं नव्हतं.

काकी घरात जाऊन पाणी घेऊन आली. दुसऱ्या हातात काकांची काठी होती, मधोमध मोडलेली.

"खिडकीखाली पडली हुती," ती म्हणाली. "मोडंपर्यंत वाजवलानी. मी लांब हुते. तुला पन आयकाय नाय आलं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं.

"आलं होतं," मी म्हटलं. "मी मुद्दाम पाठ फिरवली."

काकांचा हात राखेने काळा झाला होता. तोच त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला, आणि मी तिथेच, सगळ्या वाडीसमोर, हमसून हमसून रडले.