झरीनने कासवं निजवली

झरीन परकारच्या घरून उपाशी परतणं कुणाला जमलेलं नाही. मीटर बघायला येणारा माणूससुद्धा माशाचं कालवण खाऊनच बाहेर पडायचा. ओमानमधल्या सीब गावात आमचे दरवाजे समोरासमोर होते. ती रत्नागिरीकडची, नवरा तय्यब फ्रीज-एसी दुरुस्त करणारा, दोन्ही मुलं शिक्षणासाठी आजोळी ठेवलेली. वाढायची एवढी हौस आणि जेवणारं घरात कुणी नाही, म्हणून ती सगळी कसर आमच्यावर काढायची. त्या काळात माझं वजन का वाढलं, ते वेगळं सांगायला नको.

आणि नेमक्या याच बाईच्या पदरात कासवं पडली, तीही उपाशी ठेवायची.

झरीन ज्या इंग्रज मॅडमचे कपडे शिवायची, त्या अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात कायमच्या मायदेशी निघाल्या. जाताना कासवाची दोन पिल्लं आणि एक छोटा फ्रीज तिच्या हवाली करून गेल्या. ही थंड मुलखातली जात, हिवाळ्यात झोपते. ओमानचा हिवाळा म्हणजे पंखा बंद करण्यापुरता, म्हणून त्यांना फ्रीजमध्ये निजवायचं. पिल्लांची ही पहिलीच खेप होती. मॅडम इंग्रजीत सांगत होत्या आणि मी मराठीत. आधी दोन-तीन आठवडे खाणं बंद, पण रोज कोमट पाण्यात बसवायचं, म्हणजे पोट रिकामं होतं. पोटात काही राहिलं तर थंडीत ते पचत नाही, आतच सडतं आणि पिल्लू झोपेतच जातं. निजल्यावर रोज एकदा फ्रीजचं दार उघडून हवा द्यायची.

झरीननं मान डोलावली. मॅडमचा हात हातात घेऊन म्हणाली, "माझ्या पोरांसारखी सांभाळीन." हे मात्र मी इंग्रजीत केलं नाही. त्यांना ते कळलं होतं.

पिल्लांचं खाणं बंद केलं आणि तेवढ्यात रमजान आला. दोन आठवडे भरल्यावर तय्यबभाईंनी फ्रीजची थंडी पाच अंशांवर आणून ठेवली आणि "खलास, आता हात लावायचा नाय," असं बजावलं. झरीननं मोठ्याला आणि बारक्याला (नावं तिनंच ठेवलेली) माती भरलेल्या एकेका डब्यात घालून, बिस्मिल्ला म्हणून आत ठेवलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दोन दिवसांनी इफ्तारीला मी तिच्याकडे भजी घेऊन गेले. तिनं खजूर पुढे केला आणि सहज म्हणाली, "बारक्याला खजूर लई आवडायचा, वहिनी."

"कधी खाल्ला त्यानं?"

"रोजा सोडायला बसलो की एवढासा द्यायची, दोघांनाबी. दिवसभर उपाशीच ठेवला होता, तुमी सांगितलात तसा. पण मगरिबची बांग झाल्यावर घरातल्या कुणाचा तोंड बंद ठेवायचा?"

माझं डोकंच फिरलं. "अगं बाई, तुला सांगितलं काय न् तू केलंस काय! ते रोजे धरत होते का?" मी इतकी ओरडले, की तय्यबभाईंच्या हातातला सरबताचा पेला हिंदकळला.

झरीन उठली, फ्रीज उघडला आणि दोन्ही डबे बाहेर काढले.

पिल्लं दगडासारखी गार लागत होती. एकदम ऊब द्यायची नाही, हे मॅडमचं सांगणं तिनं या खेपेला अक्षरशः पाळलं. आधी खोलीत ठेवलं, मग दिव्याजवळ, मग परातीतल्या कोमट पाण्यात. दुसऱ्या दिवशी मोठ्यानं मान बाहेर काढली. बारका हललाच नाही. झरीन परातीजवळ बसून त्याच्या पाठीवर पाणी सोडत राहिली. "उपाशी पोटी कुणाला निजवायचा कसा, ते मला येतच नाय, वहिनी," ती म्हणाली, आणि मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली नाही, पण जीव मात्र तिच्यासाठी तुटला. संध्याकाळी बारक्यानं डोळा उघडला आणि परातीत घाण केली. आम्ही दोघी घाण बघून एवढ्या हरखलो, की पेढे वाटायचेच बाकी होते.

मग पुन्हा पहिल्यापासून. पण सूर्य मावळून मगरिब झाली, की ती डगमगायची. तिनंच उपाय काढला. बांगेच्या आधी दोन्ही डबे माझ्या दारात आणून ठेवायची आणि तोंड फिरवून जायची. ईदेपर्यंत हे चाललं. ईद झाल्यावर पिल्लं रिकाम्या पोटी निजली. रोज दार उघडताना झरीन आत वाकून बघायची आणि "हायत, दोघंबी हायत," म्हणायची, मला की स्वतःला, कोण जाणे.

मार्चमध्ये त्यांना उठवलं. मोठा पाणी प्यायला आणि पालकावर तुटून पडला. बारका पान हुंगून थांबला. झरीननं माझा हात धरला. मग बारक्यानं तोंड उघडलं आणि पानाचा कोपरा तोडला.

झरीन ढसाढसा रडली. "तुमी ओरडलात म्हणून वाचला."

"माझ्या ओरडण्यानं काय होतंय?" मी म्हटलं. "तू उपाशी ठेवलंस, म्हणून वाचला."

असलं कौतुक तिच्या वाट्याला जन्मात आलं नव्हतं. डोळे पुसून ती म्हणाली, "असा बोलू नका ओ वहिनी," आणि आणखी एक पान त्याच्यापुढे सरकवलं.