एक फॉन आणि दोन आंबेखोलकर

जर्मन साहेबांना घेऊन अल ऐनला जायचं, असं आमच्या शेठनी सांगितलं आणि मी लगेच हो म्हणून मोकळा झालो. गाडी कोण चालवणार, हे विचारायचं सुचलंच नाही. पहाटे दुबईतल्या देऱ्यात पोचलो तर लँडरोव्हर उभी, आणि बॉनेटला टेकून माझा चुलत भाऊ इब्राहिम! दोन वर्षं आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नव्हतो.

भांडण घराचं. रत्नागिरीकडच्या आंबेखोल गावातलं आमचं घर आजोबांच्या मागे दोन्ही मुलांत समाईक राहिलं. इब्राहिमला ओटीपासून परसापर्यंत मधोमध भिंत हवी होती, मला ती नको होती. पठ्ठ्याने चिरेसुद्धा आणून टाकले होते. येत्या सुट्टीत तो भिंत उभी करणार, हे दुबईतल्या झाडून सगळ्या कोकणी मंडळींना माहीत होतं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा यूएई नव्हतं आणि दिरहॅमही नव्हते, दुबईत रुपये चालत. आज तुम्ही सिलिकॉन ओएसिसच्या बाजूने गाडी काढलीत की दीड तासात अल ऐन. पेट्रोल आणि वाटेतली कॉफी धरून शंभर दिरहॅममध्ये भागतं, म्हणजे रुपयांत दोन हजारांच्या वर. आमच्या वेळी रस्ता म्हणजे आधीच्या गाडीच्या चाकांची खूण. पेट्रोलचे जादा डबे, पाणी, फावडं आणि लाकडी फळ्या घेतल्याशिवाय कोणी निघत नसे.

साहेब पाण्याच्या शोधात आले होते. दगड बघून विहीर कुठे खणायची ते सांगायचे. त्यांचं नाव फॉन, पुढे काहीतरी लांबलचक. ते जिभेवर बसेना, म्हणून मी मोठ्या अदबीने "मिस्टर फॉन" म्हणायचो. त्यांना कामापुरती हिंदी येत होती. ते आम्हा दोघांच्या मध्ये बसले आणि बिचाऱ्यांचा दुभाषा झाला.

"सर, प्लीज टेल ड्रायव्हर, गो स्लो."

"साहब, उनको बोलो, गाडी मैं चला रहा हूँ."

लाल वाळूचे डोंगर सुरू झाले आणि गाडी पार रुतली. टायरची हवा कमी केली, चाकांखाली फळ्या घातल्या. इब्राहिम स्टिअरिंगवरून ओरडला, "यल्ला, ढकल! बघतोस काय?" दोन वर्षांतलं त्याचं हे माझ्याशी पहिलं बोलणं. मला इतकं बरं वाटलं की ढकलायचंच विसरलो. मग त्याने आणखी बरंच काही ऐकवलं.

गाडी निघाल्यावर एका गाफच्या झाडाखाली डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. साहेब घाम पुसत पुसत दोनदा मागून जेवले. म्हणाले, "तुम्हा दोघांचं आडनाव एकच. आंबेखोलकर म्हणजे काय?" मी सांगितलं, आंबेखोल आमचं गाव, आणि कर म्हणजे तिथला.

साहेब खो खो हसायला लागले. "मग तुम्हीही फॉनच! फॉन हे नाव नाही, त्याचा अर्थ अमक्या गावचा."

"म्हणजे सकाळपासून मी तुम्हाला मिस्टर चा म्हणतोय?"

"आठवडाभर सगळी दुबई म्हणतेय."

मग त्यांनी विचारलं, एका गावचे दोन फॉन बोलत का नाहीत? मी भिंतीची हकिगत सांगितली. ते ऐकून त्यांनी आपल्या घराण्याची काढली. मध्ययुगात त्यांच्या पूर्वजाला बिशपच्या लढायांत चाकरी केल्याबद्दल टेकडीवरचा किल्ला आणि खालची शेतं मिळाली. पुढे ती वंशपरंपरेने मुलांकडे आली आणि वाटण्या होत होत एका किल्ल्यात चार भावांची घराणी राहू लागली. चुली चार, पण दरवाजा एक आणि विहीर एक. रोज तलवारी निघायला लागल्या तेव्हा सगळ्यांनी शपथ घेतली. तिला म्हणायचं बुर्गफ्रीडन, किल्ल्याची शांतता. किल्ल्याभोवती एक हद्द ठरवली. हद्दीच्या आत कोणी कोणावर हात उगारायचा नाही, भांडायचं तर बाहेर जायचं. मोडेल त्याचा वाटा गेला.

"फिर? टिका?" इब्राहिमने विचारलं. इतका वेळ तो ऐकत नसल्यासारखा बोटं चाटत होता.

"पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. मग एका भावाने आत आपली भिंत घातली. छपराचं पाणी कोणाच्या बाजूला पडणार यावरून तंटा लागला, दुरुस्ती कोणी करेना. आता तिथे शेजारच्या शेतकऱ्याच्या मेंढ्या असतात."

"और आपका जमीन?"

"जमीन गेली," साहेब हसत म्हणाले, "फॉन राहिला."

दुपार कलल्यावर अल ऐनला पोचलो. दिवसभर वाळू बघितलेल्या डोळ्यांना ती खजुरीची बाग म्हणजे सुख होतं. मातीच्या भिंतींमधून गार सावलीत चालायचं आणि बाजूने फलजचं पाणी. फलज म्हणजे डोंगराकडून आणलेला पाट. पाळीपाळीने एकेकाच्या बागेत सोडतात. आजही तिथे फिरायला पैसे पडत नाहीत, थंडीत जा. एका म्हाताऱ्या अरबाने आम्हाला कॉफी आणि खजूर दिले. साहेब पाट मोजायला गेले. आम्ही पाटावर हातपाय धुऊन, वजू करून असरच्या नमाजाला खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, कारण त्या बोळात दुसरी जागाच नव्हती.

नमाजानंतर इब्राहिम पाण्याकडे बघत म्हणाला, "छपराचं पाणी तुझ्या बाजूला पडलं असतं ना रे?"

"पडलंच असतं."

"मग तू बोंब मारली असतीस."

"मारलीच असती."

त्याने आणखी एक खजूर तोंडात टाकला. मला धाकधूक, आता काय म्हणतो.

"पण भांडायचं कुठे मग? विहिरीवर बायका असतात."

"गडग्याच्या बाहेर," मी म्हटलं. गडगा म्हणजे आमच्या घराभोवतीचं दगडी कुंपण.

"चल. गडग्याच्या आत आवाज नाही. भिंत खलास, इन्शाल्ला."

परतताना आम्ही इतके बोललो की साहेबांना डुलकीसुद्धा घेता आली नाही.

भिंत झाली नाही. आंबेखोलच्या घरात आजही एकच ओटी आहे. मे महिन्यात शारजाच्या अल मजाजहून नातवंडं आली होती. चार्जरवरून दोघांची जुंपली तशी इब्राहिमची मुलगी ओरडली, "गडग्याच्या बाहेर!"

"बट व्हाय आउटसाइड?"

"रूल आहे. यल्ला, चला."

दोघं बापडी गेली, उन्हात उभी राहिली आणि हसत आत आली. इब्राहिम आणि मी तर आयुष्यभर तिथे फणसाखाली जाऊन कडाकडा भांडलो आणि आत येऊन एकाच किटलीतला चहा प्यायलो. चार वर्षं झाली त्याला जाऊन. तेव्हापासून मला गडग्याबाहेर जायचं काही कारण राहिलेलं नाही.